ट्यूबलाइटखालचा निळा

आमची रफूवाली आत्या काळजी केल्याशिवाय सुईत दोरासुद्धा ओवत नाही. काल तिनं एका गिऱ्हाइकाच्या निळ्या कोटाला ट्यूबलाइटखाली रफू केलं. दोरा अगदी बेमालूम जुळला. आज सकाळी कोट दारात उन्हात धरला, तर रफू जांभळट!

"अगं बाई, आता गं? त्याची आत्ता मुलाखत आहे!"

मी म्हटलं, "आत्या, प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी. रंगागणिक लहरींची लांबी वेगळी, आणि उन्हात नि ट्यूबमध्ये त्यांचं मिश्रणही वेगळं. म्हणून ट्यूबखाली जुळलेले दोन निळे उन्हात जुळत नाहीत."

"लांबी मोज तुझ्या जिभेची! आला बघ तो."

तिनं त्याला रफू दाखवलं. "तिथं खिडकीपासून लांब बसाल ना हो?"

त्यानं कोट चढवला. "काकू, मुलाखतीत खुर्ची आपण थोडीच निवडतो?"