खोली नाकारणाऱ्या मावशी

ऐरोलीतल्या एका कंपनीत बरीच वर्षं बॅक-ऑफिसचं काम केल्यावर मी बेघरांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आले. कळंबोलीत आमचं निवारा केंद्र होतं. तिथे माणसं यायची, सावरायची, कामाला लागायची आणि मग तिथेच अडकायची. माणूस कमावता झाला तरी त्याला खोली कोण देणार? आधीचा पत्ता विचारला तर त्याने काय सांगायचं, अमुक पुलाखाली? म्हणून मला घरमालक शोधायचं काम मिळालं. करार संस्थेने करायचा, काही अडलं तर मी धावायचं आणि राहायचं आमच्या माणसाने.

सोसायट्यांमध्ये दाराबाहेरच विषय संपायचा. मग मी घणसोली गावात शिरले. गावठाणात घरावर घर चढलेलं, प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्या, गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं. माझ्याकडे रंगीत फाइल होती आणि कंपनीत शिकलेलं भाषण होतं. एका मालकाने ते शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे नक्की विकायचं काय आहे तुम्हाला?’’

पंधरा दिवस असेच गेल्यावर काकी भेटल्या. साठी ओलांडलेल्या, गावातल्याच. भातशेती होती ती शहर वसवताना गेली, उरलेल्या जागेवर तीन मजली घर बांधून त्या खोल्या भाड्याने देत होत्या. मी गेले तेव्हा ओट्यावर सुपात करंदीची सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, ‘‘ती फाइल मिट आधी. या चित्रातला मानूस माझ्या खोलीत रानार हाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग जो रानार त्याला घेऊन ये. मना मानूस बघाचा हाय.’’

मी मावशींना नेलं. केंद्रातले सगळेच त्यांना मावशी म्हणत. मूळच्या बीडकडच्या. नवऱ्याबरोबर कळंबोलीला आल्या, तो हमाली करायचा. तो गेल्यावर त्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवून पोट भरायच्या आणि ट्रान्सपोर्टच्या आवारामागे प्लास्टिकच्या आडोशाला राहायच्या. आवार मोकळं केलं तेव्हा आडोसाही गेला. पुढची काही वर्षं फुटपाथवर काढून, टायफॉइडने खंगून त्या आमच्याकडे आल्या होत्या. आता तब्येत सुधारली होती आणि शिवणकामही पुन्हा सुरू झालं होतं.

बसमध्ये मी त्यांना सारखी सूचना देत होते. ‘‘मावशी, हसून बोला. काकी म्हणतील त्याला हो म्हणा. बाकी मी बघते.’’

काकींनी तळमजल्यावरची खोली उघडली. ताजा रंग, मोरी, लाइट, सगळं होतं. मावशी आत गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या, एकदा गोल फिरल्या आणि बाहेर आल्या.

‘‘चांगली हाय. पर मला नको.’’

इतक्या पायपिटीनंतर पहिल्यांदा कोणी दार उघडलं होतं, आणि नकार आमच्याच माणसाने दिला होता. काकींनी कमरेवर हात ठेवले. ‘‘का नको?’’

‘‘हिला खिडकी न्हाई. इतकी वर्सं उघड्यावर काढली मी. हितं जीव कोंडंल माझा.’’

‘‘काकी, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं...’’ मी सुरू केलं.

‘‘तू गप बस,’’ काकी म्हणाल्या. ‘‘तिला तसंच म्हनायचं होतं आणि बरोबर बोलली ती. कौलारू मोडून हे बांधलं तवा माझी सासू सा महिने ओट्यावर झोपली. आत गुदमरते म्हनायची.’’ मग मावशींकडे वळून, ‘‘वर चल. गच्चीला लागून एक खोली हाय. अडगल भरलीय, पन वारा हाय.’’

वरच्या खोलीत गणपतीचं मखर, लग्नातली पातेली आणि एक मोडका पाळणा होता. दोन बाजूंना खिडक्या होत्या. मावशींनी दारातूनच पाहिलं आणि पदर खोचला. त्या दुपारी दोघींनी मिळून खोली रिकामी केली. मला झाडू दिला होता, तोही काकींनी थोड्या वेळाने काढून घेतला. तुला येत नाही म्हणाल्या.

मग फोन सुरू झाले. काही झालं तर माझा फोन कधीही लावा, असं मीच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सकाळीच काकी म्हणाल्या, ‘‘तुझी बाय खोलीत झोपतच नाय. गच्चीत आडवी होते. शेजारी विचारतान मना.’’

मी धावत गेले. मावशी ओशाळल्या होत्या. ‘‘दार लावलं की डोळा लागत न्हाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अन् उघडं ठेवलं की भ्या वाटतं.’’

मी समुपदेशक ताईंचा नंबर शोधू लागले. असं होतं, घर मिळालं तरी शरीर फुटपाथवरच असतं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. काकींना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून दाराची मापं दिली आणि दोन दिवसांत बाहेरून जाळीचा दुसरा दरवाजा बसवून घेतला.

‘‘वारा येल, मानूस येनार नाय,’’ त्या म्हणाल्या.

त्यानंतरचा फोन सकाळी दहाचा. काकी घाईघाईने बोलत होत्या. ‘‘अगो, ती उठतच नाय! दोनदा हाक मारली.’’ मी रिक्षात बसते न बसते तोच पुन्हा फोन वाजला. आता काकी इतक्या हसत होत्या की बोलणं समजेना. मावशी फक्त झोपल्या होत्या. गाढ, घोरत, कित्येक वर्षांची झोप. उठल्यावर त्यांनी विचारलं म्हणे, ‘‘का ओ, कुनाचं काय झालं?’’

सगळं गोडच चाललं होतं असं नाही. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूबाई काकींना ऐकवून आल्या, ‘‘आम्ही फॅमिलीवाले आहोत, रस्त्यावरचे लोक कशाला आणता?’’ काकी अस्वस्थ झालेल्या मला दिसल्या. पावसाळा तोंडावर होता. गावठाणातल्या गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या चढू लागल्या होत्या आणि काकींची ताडपत्री मधोमध फाटली होती. मावशींनी पिशवीतून जाड दाभण आणि सुतळी काढली आणि गच्चीत फतकल मारून ठिगळ लावलं. त्यांच्या हाताचा टाका पाहायला शेजारी जमले. आठवड्याभरात गल्लीतल्या घड्या घातलेल्या ताडपत्र्या काकींच्या ओट्यावर येऊन पडू लागल्या. त्या भाडेकरूबाईही आपली घेऊन आल्या आणि बराच वेळ मावशींजवळ बसून राहिल्या. उठताना ‘उद्या चहाला या’ म्हणाल्या. मावशी गेल्याही.

मग शेजारच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या दादांनी आपली खोली आमच्या केंद्रातल्या एका काकांना दिली. दोन महिन्यांत ते काका न सांगता निघून गेले. मी मान खाली घालून माफी मागायला गेले. दादांचा चेहरा उतरला होता, पण काकी आधीच तिथे पोचलेल्या. ‘‘तुझा तो कंपनीवाला भाडेकरू सांगून गेला होता का?’’ त्या दादांना विचारत होत्या. ‘‘त्यानंतर तू कंपनीवाल्यांना खोली देनं बंद केलंस?’’

दादा हसले आणि चावी पुन्हा माझ्या हातात ठेवली. काका महिन्याभराने लाजत केंद्रावर परतले. एकटं राहणं त्यांना जमत नव्हतं. पुढच्या वेळी आम्ही त्यांना त्यांच्याच वयाच्या सोबत्याबरोबर ठेवलं, आणि ते दोघं अजून पत्त्यांवरून भांडत एकत्र राहतात.

गेल्या वर्षी काकी मला म्हणाल्या, ‘‘तुझ्या भाषनानं काय होनार नाय. रविवारी मीच सगल्यांना जेवायला बोलवते.’’ सात-आठ घरमालक आले. काकींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबील केले, मावशींनी त्यांच्याकडचा ठेचा वाटला. तो खाऊन एका धिप्पाड मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरीही त्याने पुन्हा मागितला. प्रश्न सुरू झाले तशी मी फाइलकडे हात नेला, पण उत्तरं मावशीच देत होत्या. दारू पिणारा निघाला तर? ‘‘मला सांगा, मी बोलते त्याच्याशी.’’ आजारी पडला तर? इथे काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘ही फोन उचलते. मी पारखलंय.’’

जेवणं होत आली तेव्हा सर्वांत वयस्क आजोबांनी मला विचारलं, ‘‘आनि पोरी, तू कुठं रातेस?’’

‘‘ऐरोलीला. भाड्यानंच.’’

‘‘घरमालक कसा हाय?’’

चार वर्षांत मी त्यांना पाहिलंच नव्हतं, सगळं एजंटमार्फत चालायचं. तसं मी सांगितलं. इतका वेळ मी ज्या लोकांबद्दल त्यांना कळवळा यावा म्हणून धडपडत होते, तो सगळा कळवळा माझ्याकडे वळलेला दिसला. मावशींनी न विचारता माझ्या ताटात भाकरी वाढली. आजोबा म्हणाले, ‘‘नळ बिघडला तर सांगतेस कुनाला?’’ आणि हात धुऊन आले ते स्वतःचा नंबर लिहिलेला कागद घेऊनच.

त्या दिवशी तिघांनी खोल्या देतो म्हणून शब्द दिला. चौथी खोली आजोबांची, ती त्यांनी मलाच राहायला म्हणून दाखवली. मोठी होती, उजेडाची होती, आणि खाली राहणारा मालक रोज दिसणार होता. दिवाळीनंतर मी सामान घेऊन घणसोलीला आले. टेम्पो गल्लीत शिरेना, तेव्हा कपाटाचं एक टोक मावशींनी धरलं आणि दुसरं त्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी.