वरून ओतलेला नमुना

विहिरीत बाटली सोडायला धैर्य लागतं, हे भूरसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पुस्तक एवढंच सांगतं, की ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळावी, मग पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरावी आणि बूच घट्ट लावावं. पुस्तक लिहिणाऱ्याला विहिरीवर कुणी 'तू कोणाचा' असं विचारलं नसणार.

मला ते विचारलं जाईल या भीतीत मी सत्तरच्या दशकातला माझा सगळा संशोधनाचा काळ काढला. आम्ही बौद्ध. आमचं गाव औंढ्याहून सिद्धेश्वरच्या धरणाकडे जाताना लागतं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मी औरंगाबादला शिकत होतो, आणि काळ्या दगडातून मुरून विहिरीत आलेलं पाणी त्या दगडातलं काय काय बरोबर घेऊन येतं, हा माझा विषय होता. माझ्या सरांनी नकाशा पसरून प्रत्येक गावावर एकेक ठिपका काढला. एक गाव, एक विहीर, एक नमुना.

मी म्हणालो, "सर, दोन घ्यावे लागतील. गावाच्या विहिरीचा वेगळा, आमच्या वस्तीच्या विहिरीचा वेगळा."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माणूस सज्जन, पण त्यांच्या घरी पाणी नळाला यायचं. वस्तीची विहीर नेहमी उताराला असते, गावाचे उकिरडे आणि सांडपाणी तिच्याकडेच झिरपतं, ती सोडली तर आपला नकाशा अर्ध्याच माणसांचा होईल, असं मी त्यांना भीत भीत समजावलं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि तूच काढ म्हणाले. मी प्रत्येक ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका काढला, म्हणजे आपल्याच हातानं दुप्पट भीती ओढवून घेतली. आ बैल मुझे मार, दुसरं काय.

परक्या गावात माझा एक नेम असे. आधी गावाची विहीर, मग वस्ती. उलटं कधी नाही. गावाच्या विहिरीवर मी पॅन्ट-शर्टातला साहेब असायचो. लोक दोर धरायला यायचे, चहा सांगायचे, आणि मी नावापुढचं काही न सांगता पटकन बूच लावून सटकायचो. वस्तीत पोचलो की 'जय भीम' म्हणायचो आणि मगच जीव भांड्यात पडायचा. एकदा कनेरगाव नाक्याजवळच्या गावात मी वस्तीतून चहा पिऊन बाहेर पडलो, तर सकाळी विहिरीवर माझा दोर धरणारे गृहस्थ सायकलवरून समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या घरांकडे पाहिलं, सायकल हळू केली.  मी नाक्यापर्यंत चालत गेलो, पण पाठीत दगड बसेल म्हणून सगळी वाट खांदे आवळून होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आमच्याकडचे ब्रह्मराक्षस सायकलवर बसून खरेच येत असत.

माझ्या स्वतःच्या गावात मात्र साहेब होण्याची सोय नव्हती. तिथे शेंबडं पोरही मला ओळखत होतं.

आमच्या वस्तीची विहीर शिमग्याच्या आसपास आटायची. मग पाऊस पडेपर्यंत आमच्या बाया गावाच्या विहिरीवर जाऊन ओट्याखाली उभ्या राहायच्या. ओट्यावर पाय ठेवायचा नाही, दोराला हात लावायचा नाही. कुणाच्या मनात दया आली की ती बाई आपल्या घागरीतून आमच्या घागरीत वरून पाणी ओतायची, एकीला दुसरी लागणार नाही इतक्या उंचीवरून. मायसोबत मी लहानपणी तिथे इतका वेळ उभा राहिलोय, की त्या ओट्याचे दगड मला अजून पाठ आहेत.

नमुना घ्यायला मी तिथे बाटली घेऊन गेलो, आणि माझे पाय आपसूक ओट्याखालीच थांबले. माझे वडील गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. त्या मालकांची आई विहिरीवर होती. सगळं गाव तिला आजीच म्हणायचं. ती मायेनं म्हणाली, "आण, भरून देते." नुकत्याच राखेनं घासलेल्या पितळी घागरीतून तिनं माझ्या बाटलीत पाणी ओतलं. मी विसळून सांडलं. पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदाही सांडलं तेव्हा ती वैतागली, की शिकून येडा झाला का काय हा. मी चौथ्यांदा बाटली भरून घेतली आणि मान खाली घालून निघालो. 'मला काढू द्या' हे शब्द घशापर्यंतसुद्धा आले नाहीत.

औरंगाबादला सरांनी आकडे पाहिले आणि त्यांचं बोट माझ्या गावाशी थांबलं. आसपासच्या सगळ्या विहिरींत पोटॅश नावालाच, आणि या एकाच विहिरीत कितीतरी पटीनं जास्त. हा कुठून आला, खाली वेगळा दगड आहे का, असं त्यांनी उत्साहानं विचारलं. वेगळा दगड नव्हता. ती राख होती. चुलीतल्या राखेत पोटॅश असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण ती राख बाटलीत कशी आली, हे एकट्या मलाच ठाऊक होतं. मी सांगितलं. सांगताना माझे कान तापले, जणू चोरी माझीच पकडली गेली होती.

सरांनी आकड्यांचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, ते गाव वगळू, नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी विद्यार्थ्याला पाठवू. दुसरा म्हणजे कोण, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांना माझी काळजी होती, त्यात खोट नव्हती. पण वगळलं तर माझं गाव नकाशावर नाही, आणि दुसरा गेला तर माझ्याच गावचं पाणी काढायला मी लायक नाही, असा त्याचा अर्थ होत होता. मी जातो म्हणालो. म्हटलं खरं, आणि बाटली घेऊन गावची बस धरली.

पाडवा तोंडावर आला होता. सालदाराचं साल पाडव्याला संपतं. मालकानं पुन्हा धरलं तर वर्षाची भाकर, नाही धरलं तर उपास. वडील भाकरी मोडता मोडता माझं ऐकत होते. त्यांचा हात थांबला.

"जळात राहून माशाशी वैर घेऊन राहिला व्हय? मालकानं साल न्हाई धरलं तर तुही बाटली खायची का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पाणी ते पाणी. कोणी काढलं ते पाण्याला काय कळतंय?"

"कळतंय बा," मी म्हणालो. "यंत्रात दिसलं."

त्यांनी भाकरी पुन्हा मोडायला घेतली. माय चुलीत काडी सारत राहिली. मला वाटत होतं, दोघांपैकी एकानं तरी 'जाऊ नको' म्हणून ठणकावून सांगावं, म्हणजे मी सुटलो. कुणीच सांगितलं नाही.

सकाळी विहिरीवर बाया होत्या, आजी होती, आणि लिंबाच्या काडीनं दात घासत खुद्द मालक उभे होते. मला पळून जावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं तर वडील येऊन ओट्याखाली, आमच्या नेहमीच्या जागी उभे. मला अडवायला आले होते की सोबतीला, ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

आजी म्हणाली, "आण, भरून देते."

"न्हाई आजी," मी म्हणालो. "मी काढतो."

रहाटाचा कुरकुर आवाज थांबला. मालकांनी काडी तोंडातून काढली. "सरकारी काम हाये का?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. व्हय म्हटलं असतं तर सरकारच्या नावावर सगळं खपलं असतं. मी म्हणालो, "न्हाई मालक. माझं शिक्षण हाये."

ते माझ्याकडे आणि मग वडिलांकडे पाहत राहिले. वडिलांनी हात जोडले होते. शेवटी मालक म्हणाले, "काढ."

मी ओट्यावर पाय ठेवला. शिशाचं वजन बांधलेली बाटली विहिरीच्या दगडांवर खणखणत खाली गेली. तीनदा विसळली, भरली, पाण्याचे थेंब निथळत वर ओढली. बूच लावायला मात्र मला जमेना. ओट्यावरून उतरल्यावर ते वडिलांनी लावून दिलं.  बायांनी आपापल्या घागरी रिकाम्याच उचलल्या आणि एकेक करून घरी गेल्या.

दिवसभर आम्ही दाराकडे डोळे लावून बसलो. बाहेर पाऊल वाजलं की मायचा हात छातीशी जायचा. दिवस मावळता मालकांचा निरोप आला, पाडव्याला नेहमीसारखं ये म्हणून. साल धरलं. वडील खाली बसले आणि एकदम हसायला लागले. मीही हसलो. उगाच भ्यालो, जग बदललं की, असं त्या संध्याकाळी मला खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी बसची वाट धरायच्या तयारीत होतो, तेवढ्यात माय विहिरीवरून आली. तिनं घागर उतरवली. आतलं पाणी जांभळट गुलाबी होतं.

"साथ येऊन राहिली म्हणत्यात," ती म्हणाली. "हिरीत लाल औषध टाकलंय."

गावात कुणाला साधा जुलाबही झालेला नव्हता. ते औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट हे मला माहीत होतं, त्यातही पोटॅशच असतो. आता कुणीही, कितीही वेळा त्या विहिरीत बाटली बुडवली असती, तरी माझा हात लागल्याची नोंद यंत्रानं बरोबर दाखवली असती. विहिरीचं स्वतःचं पाणी माझ्या पिशवीतल्या त्या एका बाटलीत तेवढं उरलं होतं. आणि माझा विटाळ धुऊन काढलेलं ते पाणी माझ्या मायच्या घागरीत पुन्हा वरूनच ओतलं गेलं होतं.

वडील उठले. त्यांनी तांब्या बुडवून भरला, उजेडात धरून रंग पाहिला.

"खरं हाये तुहं," ते म्हणाले. "पाण्याला कळतंय."

मग ते घटाघटा प्याले, आणि उरलेला तांब्या माझ्याकडे केला, कारण घरात दुसरं पाणी नव्हतं.