रिबकेला विचारलं होतं

माझी आई निरक्षर होती, पण पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, बायका तिला शेजारणींसारख्या ठाऊक होत्या. मिशनच्या वतीने ती सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या चाळींत जाऊन या बायकांच्या गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीतली सारा दारी आलेल्या पाहुण्यांसाठी घाईघाईने भाकऱ्या थापायची. लेआ आणि राहेल या सख्ख्या बहिणी, एकाच नवऱ्याच्या बायका. त्यांची गोष्ट निघाली की ऐकणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बाजू घ्यायच्या आणि भांडायच्या. मीही तिच्याबरोबर जायची; मला त्या दुपारी फार आवडत.

मी सोळा वर्षांची असताना केम गावाहून एक गृहस्थ आपल्या पुतण्यासाठी मागणी घालायला आले. मुलगा रेल्वेत नोकरीला, देखणा, शिवाय नेमाने प्रार्थनेला जाणारा. आई-वडील दोघेही खूश. माझी मात्र मराठी सातवीची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती आणि ती पास होऊन मला मास्तरीण व्हायचं होतं. हे घरात सांगायची माझी छाती नव्हती.

वडील होकार देणार एवढ्यात आई म्हणाली, पोरीला विचारल्याबिगर ठरवायचं न्हाय. पाहुणे हसले. पोरींना विचारायची ही पद्धत कधीपासून निघाली, असं त्यांनी विचारलं.

“लई जुनी हाय की,” आई म्हणाली. “इसहाकासाठी मागणी आली तवा रिबकेला विचारलं व्हतं, जातीस का म्हणून.”

शास्त्रापुढे पाहुण्यांचं काय चालणार? उलट ते खुलले. रिबका लगेच हो म्हणाली होती, हे त्यांनाही पाठ होतं. मला बाहेर बोलावून विचारण्यात आलं. आई कौतुकाने बघत होती. माझा होकार तिने गृहीतच धरला होता.

“मी न्हाय जाणार,” मी म्हणाले. “मला परीक्षा द्यायची हाय.”

आतून इतका आनंद झाला होता की हसू आवरेना. आईचा चेहरा पडला. रिबका असं म्हणाली नव्हती, याची पाहुण्यांनी तिला आठवण करून दिली.

 आई म्हणाली, “विचारायचं म्हंजी न्हाय बी ऐकायचं की, दादा.”

पाहुणे भले गृहस्थ. पोटभर जेवले आणि मला आशीर्वाद देऊन गेले. आई मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, कारण मुलगा तिच्या मनात भरला होता. तिसऱ्या दिवशी ती माझा परीक्षेचा अर्ज घेऊन हेडबाईंकडे गेली आणि पालकाच्या सहीच्या जागी, वडिलांना न विचारताच, स्वतःचा अंगठा उठवून आली.