काना नसलेला झारा

भजी निथळताना झाऱ्यातून तेल टपकायला लागलं, की मला चाकणच्या कंपनीचं कॅन्टीन आठवतं. जेवणाच्या सुट्टीत प्रश्नमंजुषा रंगली होती: जगाच्या इतिहासातलं, पण भारताबाहेरचं, ‘झ’वरून काहीतरी सांगा. ‘झाशी’ चुकल्यावर इंजिनिअर मंडळी डोकं खाजवायला लागली. मी कढईमागून ओरडले, “झार!” सगळे खो-खो हसले. “मावशी, झारा तुमच्या हातातच हाय की!” माझं डोकंच तापलं. “झारा न्हाई, झार! रशियाचा राजा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेय मी!” प्रश्न विचारणारे साहेब उभे राहिले, म्हणाले, “बरोबर!” आणि टाळ्यांनी पत्रे दणाणले. आज संत तुकाराम नगरात माझ्या स्वतःच्या भजी सेंटरवर ‘झार’ अशी पाटी आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, पेंटरनं काना खाल्ला.” मी म्हणते, “बरोबर आहे ते.”