चार बोटं वर

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शिरूरचा एक माणूस माझ्या पाया पडला आन् घटकाभरात नळावर जाऊन त्यानं कपाळ धुतलं. माझ्यादेखत. साबण लावून.

झालं असं. यवतजवळ हायवेला एका हॉटेलात मला पाटील म्हणून बसायला ठेवलं होतं. हसू नका, कामच ते. फेटा बांधायचा, दारात बाजेवर बसायचं, पुण्याची माणसं उतरली की म्हणायचं, "या, रामराम." मालक तिशीतला पोरगा. गाडी लागली की धावत यायचा, सगळ्यांपुढं वाकून माझ्या पाया पडायचा. "हे आमचे पाटीलआबा. ह्यांच्या आशीर्वादानं चाललंय." मग माणसं फोटो काढायची.

मी बौद्ध वस्तीतला. तिसरी शिकलेला. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलो. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, नाव खोटं असंल, पोरगा खरा हाय. घरी म्हातारीला छाती फुगवून सांगायचो. ती म्हणायची, "एक दिस फेटा काढून जावा. मग बघा." मी तिच्यावरच खेकसायचो.

त्या दिवशी मालकाचा सासरा आला, तोच हा शिरूरवाला. जावयाचं बघून पाया पडला, पार कपाळ टेकवून. शेजारी बसला आन् आपल्याकडं माणूस पहिलं जे विचारतो ते विचारलं. "पाटील, गाव कोणतं? सोयरे कुठले तुमचे?"

दीड वर्षात कुणी विचारलं नव्हतं. पुण्याच्या माणसांना माझे सोयरे काय करायचेत? मी खरं सांगून बसलो. गाव, सासुरवाडी, आडनावं. सगळं ऐकून तो उठला. मग नळाकडं गेला.

मी मागं गेलो. स्वयंपाकघराच्या पत्र्याआड जावई त्याची समजूत काढत होता.

"मामा, तुम्ही कशाला खरं पडलात? मी रोज पडतो, पण माझा हात चार बोटं वर असतो. बघा कवाबी. लागू देत न्हाई."

"आन् पाटील म्हणतोस ते?"

"फेटा बांधला की कुणीबी दिसतो पाटील. खऱ्या पाटलाला हितं बसवलं असतं तर त्यानं माझंच गचुरं धरलं असतं."

आचारी हसला. सासराबी हसला.

मी आठवून बघितलं. दीड वर्ष, दिवसाला दहादा. पायाला बोट लागल्याचं एकदाबी आठवंना. मला वाटायचं, शिकलेली पोरं अशीच पडत असतील. सासऱ्यानं माझ्यादेखत कपाळ धुतलं, त्याचं काय घेऊन बसायचं? पण हा पोरगा आशीर्वाद मागायचा आन् मी द्यायचो. मनापासून. नातवंडांना दिला नसंल एवढा.

दोष माझाबी. बापाचं नाव मी गिळलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मला गोड लागलं होतं. तवाच ठरवलं, ज्याला मी माझ्या नावासकट चालत न्हाई, त्याचं वाकणं घ्यायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या लेंगा-सदऱ्यात गेलो. बोडक्या डोक्यानं. पुण्याची बस लागली. मालक दात खात हळूच म्हणाला, "आबा, फेटा कुठाय? माणसं उतरत्यात."

मी दारात आडवा उभा राहिलो. "जय भीम," म्हणालो. "मी पाटील न्हाई. मला ह्यानं पाटील करून बसवलं होतं." मग माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव, गाव, वस्ती. मालक दंडाला धरून ओढत होता. बसमधली निम्मी माणसं अजून उतरत होती. त्यांना ऐकू गेलं नसंल, म्हणून परत पहिल्यापासनं सांगितलं.