न आलेल्या पुराच्या मागावर

आमच्या ऑफिसात पाण्याआधी किस्सेच तुंबतात. नाशिकच्या त्या बैठ्या इमारतीत बसून आम्ही धरणांसाठी अजून न आलेला पूर मोजतो. इतका मोठा, की कुणाच्या आज्यानंही पाहिलेला नाही. जागेपणी स्वप्नं बघायची आणि वर सरकारनं त्याचा पगार द्यायचा!

*

आमचे देवरे साहेब यात मुरलेले. जुन्या नोंदींतलं सगळ्यात वाईट वादळ उचलायचं आणि नकाशावर सरकवत सरकवत आपल्या नदीच्या डोक्यावर आणून ठेवायचं, हे त्यांचं काम. एकदा भर मे महिन्यात, लाइट गेलेली, ते तीन तास त्यातच बुडालेले. जेवायला उठले, दारात थबकले आणि मला म्हणाले, "मॅडम, छत्री आणलीय ना?"

मी पण वेंधळी, पिशवीत हात घातला.

*

पुरासाठी धरणाची वरची जागा रिकामी ठेवावी लागते. हे लोकांना पटवणं म्हणजे डोक्याला ताप. पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढं बांधून वरचं रिकामं कोणासाठी?

"पाहुण्यासाठी," साहेब म्हणाले. "आपल्या हयातीत नाही आला तर बरंच."

*

हे खूळ घरापर्यंत आलं. माझ्या हातून चहाचा कप काठोकाठ भरेनासा झाला. सासूबाईंनी चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी दूध संपलं का म्हणून विचारलं.

*

मग एका धरणाचा आकडा अडला. पूर कमी धरला तर खालची गावं धोक्यात. जास्त धरला तर रिकामी जागा वाढणार, धरणामागच्या पाण्याचा फुगवटा वर चढणार आणि वरच्या गावातली घरं जाणार. जुन्या पुराची खूण शोधायला आम्ही त्या वरच्या गावात गेलो. सगळ्यांनी एकमुखानं देवळाची खालची पायरी दाखवली. याच्यावर पाणी कधी आलंच नाय, म्हणाले. खाली नदी घोट्याएवढी वाहत होती. साहेब बघत होते ती नदी वेगळीच होती.  लोक खोटं बोलतायत हे मला कळत होतं, आणि का बोलतायत तेही.

*

देवळामागच्या चढावर हिराबाई एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. चहा झाल्यावर आतल्या खोलीत नेलं आणि धान्याची कोठी सरकवायला लावली. मागच्या दगडी भिंतीत, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, छिन्नीनं कोरलेली एक आडवी रेघ होती. तिथवर चढलेला पूर ओसरल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी कोरलेली.

साहेबांनी टेप खिशातून काढलाच नाही. हळूच म्हणाले, "आजी, ही रेघ लिहून घेतली तर तुमचं हे घर जाईल."

"जाईल की," हिराबाई म्हणाल्या. "लिवा तुम्ही. खालच्या गावात लेक दिलीय माझी."