आमच्या मजल्यावरचा मुक्त व्यापार

शेजारच्या काकांइतका गोंधळ माझ्या डोक्यात आजवर कुणी घातलेला नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. या माणसाने उभा जन्म मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रक अडवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला, शेजारी देशांनी एकमेकांचा माल बिनजकात आत येऊ द्यावा! आता यावर काय बोलायचं? सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर काका पेपर घेऊन जिन्यात हजर. भूतानची वीज, नेपाळचं आलं, बांगलादेशचे शर्ट, सगळं एका दमात. मला समजावं म्हणून त्यांनी आमचा मजलाच वाटून टाकला होता. लिफ्टजवळच्या बेन म्हणजे भूतान, समोरच्या शिक्षिका बांगलादेश, आणि मी मालवणी, घरात नारळ फार, म्हणून श्रीलंका. काका अर्थातच मधला मोठा देश. "पण परवा तर मी नेपाळ होते ना?" असं विचारलं की काकू आतून ओरडायच्या, "अगं, लक्ष नको देऊस! काल मला मालदीव केलं होतं."

काकू होत्या म्हणून हा कारभार चालायचा. शेजारचं भांडं आपल्याकडे रिकामं परत करत नाहीत. मी घावणे दिले की त्याच डब्यातून काकूंचा चिवडा यायचा, आणि काका छाती फुगवून म्हणायचे, "बघ, याला म्हणतात प्रादेशिक सहकार्य." चिवडा काकूंचा, श्रेय यांचं!

मागच्या वर्षी काकू गेल्या. आम्ही तिघी आळीपाळीने डबे पाठवू लागलो. डबे जात, परत मात्र एकही येईना. शेवटी मी मागायला गेले, तर सगळे घासूनपुसून ओट्यावर मांडलेले.

"असेच द्या ना, काका."

"रिकामे? एकतर्फी व्यापार टिकत नाही गं. उद्यापासून कुणी काही पाठवू नका."

मला वाटलं, नेहमीचंच भाषण. पण काकांनी खरंच जेवण घेणं बंद केलं. चहा-बिस्किटांवर दिवस काढायला लागले, पँट कमरेवर ठरेना. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. एक दिवस वरणभात घेऊन त्यांचं दार ठोठावलं आणि आत घुसलेच. "मोठ्या देशाने जास्त द्यायचं, लहानाने घेतलं तरी चालतं, असं तुम्हीच सांगायचात ना? मग आता तुम्ही श्रीलंका व्हा. मी होते मोठा देश."

काकांनी गोंधळून विचारलं, "असं मधेच बदलता येतं?"

"येतं," मी ठोकून दिलं. "परतफेड सवडीने."

त्या दिवशी ते जेवले. मग रोजच जेवू लागले.

पुढच्या आठवड्यात बेल वाजली. दारात काका, हातात माझा डबा, खालून गरम. आत पोहे होते, अर्धे करपलेले, अर्धे कच्चे.

"फोडणी जमली बहुतेक," काका म्हणाले. "पोहे किती भिजवायचे, ते मात्र हिला कधी विचारलंच नाही."

मी दारातच उभी राहून खायला लागले. छान झालेत म्हणायचं होतं, पण रडूच फुटलं, आणि काका बिचारे घाबरून विचारत राहिले, "फार तिखट झालेत का गं?"